क्लासमध्ये 6 ट्यूबलाइट आणि 2 पंखे आहेत. दुकानदार म्हणतो 600 व्हीएचा इन्व्हर्टर पुरेल. घेऊ का?

आधी एक काम करा. स्टुलावर चढून एका ट्यूबची पट्टी उघडा आणि आत चोक (ट्यूबचा करंट आवरणारा भाग) कोणता आहे ते बघा. वजनदार, लोखंडी ठोकळ्यासारखा असेल आणि शेजारी स्टार्टर असेल, तर दुकानदाराचा हिशोब चुकलाय.

त्याने बहुधा 40 वॅट गुणिले 6, म्हणजे 240, आणि पंख्यांचे दीडशे असं धरलंय. पण जुन्या तांब्याच्या चोकवर ट्यूब 36 वॅटची असली तरी चोक स्वतःच दहा-बारा वॅट तापण्यात घालवतो. खरी गोम पॉवर फॅक्टरची, म्हणजे व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) मधले किती वॅट खरे कामाला येतात त्या प्रमाणाची. हा फॅक्टर जेमतेम 0.5 असतो, म्हणून अशी एक ट्यूब 230 व्होल्टवर सुमारे 0.4 अँपिअर ओढते. म्हणजे नव्वदच्या वर व्हीए. इन्व्हर्टरवर छापलेला आकडा व्हीएचाच असतो! सहा ट्यूबचेच साडेपाचशे झाले, त्यात पंखे मिळवा. सातशेच्या पुढे गेलात. थोडी मोकळीक ठेवायची तर 900 व्हीएच्या खाली उतरू नका.

ही चूक मी स्वतः करून बसलोय. लोडशेडिंगच्या दिवसांत एका अभ्यासिकेत स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह (गुळगुळीत लाटेऐवजी चौकोनी उड्यांची वीज देणारा) इन्व्हर्टर लावून दिला होता. पहिल्याच संध्याकाळी सगळे चोक भुंग्यासारखे गुणगुणायला लागले, पंखे घुं घुं करू लागले आणि तासाभरात पट्ट्यांना हात लावता येईना. शिवाय त्या पट्ट्यांत पॉवर फॅक्टर सुधारायचे कपॅसिटर होते. महावितरणच्या लाइटवर ते उपयोगी, पण स्क्वेअर वेव्हच्या खड्या उड्यांवर तेच कपॅसिटर करंटचे झटके ओढतात. ओव्हरलोडचा दिवा लागायचा आणि पोरं अंधारात. शेवटी पदरचे पैसे घालून बदलून दिला. तेव्हा चोक कुठलाही असो, घ्यायचा तर साइन वेव्हच, म्हणजे महावितरणच्या लाइटसारखी गुळगुळीत लाट देणारा.

आता बॅटरी. तुमचा आत्ताचा लोड वॅटमध्ये साडेचारशेच्या घरात जातो. 12 व्होल्ट 150 एएचच्या (अँपिअर-तासांच्या) नव्या बॅटरीवर तो दोन तासांच्या आसपास चालेल. कागदावर गुणाकार करून जास्त येतं, पण बॅटरीवरचे 150 एएच हे वीस तास सावकाश वापरली तरचे असतात. एवढा करंट ओढला की ती लवकर बसते.

म्हणून माझं म्हणणं, इन्व्हर्टरच्या आधी ट्यूब बदला. 20 वॅटच्या सहा एलईडी ट्यूब म्हणजे 120 वॅट. पंखे धरून पावणेतीनशे. मग 600 व्हीए खरंच पुरतो आणि तीच बॅटरी चार तास ओढते. फक्त खोक्यावर पॉवर फॅक्टर 0.9 किंवा जास्त आहे का ते वाचा. अगदी स्वस्त एलईडीत तो 0.5 च्या आसपासही असू शकतो, म्हणजे व्हीए पुन्हा वॅटच्या दुप्पट. जुन्या पट्टीतच बसवणार असाल तर चोक आणि स्टार्टर काढून थेट जोडणी करून घ्या. नाहीतरी फ्लोरोसंट ट्यूबचे दिवस भरलेत. त्यात पारा असतो, आणि मिनामाता करारातल्या देशांनी 2023 मध्ये ठरवल्याप्रमाणे 2027 अखेर त्यांचं उत्पादनच थांबवायचं आहे. उतरवलेल्या ट्यूब फोडू नका, पोरांच्या हाती तर अजिबात देऊ नका.

आणि वायरमनला एक बजावून सांगा. इन्व्हर्टरकडून येणारी फेज (करंटची तार) बोर्डात कुठेही मेनच्या फेजला भिडता कामा नये. क्लासला थ्री फेज असेल तर हे दोनदा तपासा. भिडली असेल, तर लाइट परत येताच इन्व्हर्टर जळतो आणि वॉरंटीवाला हात वर करतो.