वाचकांचे प्रश्न : बोंडल्यात पुन्हा जोडलेले हात

प्रश्न : मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. यजमान गेल्यानंतर देवघरात दिवा लावणे मी सोडून दिले होते. स्तोत्रे पाठ होती, पण मन त्यांत राहत नसे. नातीच्या शाळेच्या सहलीबरोबर बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात गेले असता गव्यांच्या आवारासमोर बराच वेळ उभी राहिले. एक मादी आपल्या वासराला चाटत होती. ते पाहताना माझे हात आपोआप जोडले गेले. शेजारी सासष्टीहून नातवाला घेऊन आलेली एक ख्रिस्ती बाई उभी होती. तिचेही यजमान हयात नाहीत. दिवसभर आम्ही बरोबर हिंडलो, डबा वाटून खाल्ला. आता रोज संध्याकाळी तिची तेर्स (जपमाळेची प्रार्थना) आणि माझी दिवाबत्ती आटोपली की आम्ही फोनवर बोलतो. जाऊबाई विचारतात, "कवळे, मंगेशी सोडून देव तुला पिंजऱ्यात सापडला का?" शिवाय कोंडलेल्या जनावरांसमोर मला शांती लाभली, याचीही टोचणी लागते. मैत्रिणीने तिच्या गावच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या उत्सवाला, बोलावले आहे. ही श्रद्धा खरी मानावी का, आणि मी जावे का?

उत्तर : आपल्या जाऊबाईंनी ज्या देवस्थानांची नावे घेतली, त्यांच्याच इतिहासापासून सुरुवात करावीशी वाटते. मंगेश मुळात कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा, आणि कवळ्याची शांतादुर्गा केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली तेथील देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा भक्तांनी आपली दैवते नदीपार अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, आणली आणि रानाच्या आडोशाने त्यांची पुन्हा स्थापना केली. आज आपण ज्याला देवाचे अढळ स्थान समजतो, ते एके काळी संकटात सापडलेल्या माणसांनी शोधलेले आश्रयस्थान होते. त्याच तालुक्यातल्या रानात आपले हात पुन्हा जोडले गेले असतील, तर त्यात देवळाचा कसलाही अवमान नाही.

आपल्याकडे देवीला सिंह किंवा वाघ, कार्तिकेयाला मोर आणि गणपतीला उंदीर हे वाहन म्हणून दिलेले आहे. गोव्याच्या सत्तरी, सांगे भागांत तर वाघालाच देव मानून पुजण्याची परंपरा आहे. आपल्या मैत्रिणीच्या परंपरेतही पशुपक्ष्यांना भावंडे मानणारे असिसीचे संत फ्रान्सिस आहेत. त्यांच्या नावाचे चर्च जुन्या गोव्यात उभे आहे आणि त्यांचा सण असलेला ४ ऑक्टोबर हा दिवस जगभर प्राणिदिन म्हणूनही पाळला जातो. त्या आवारासमोर आपण दोघी शेजारी उभ्या होतात, तेव्हा दोघींपैकी कोणीही आपल्या धर्माच्या बाहेर गेलेले नव्हते.

तरीही एक सावधगिरी सुचवतो. ती मादी यजमानांचा निरोप घेऊन आली होती, किंवा देवाने आपल्यासाठीच ती खूण दाखवली, असे कोणी सांगू लागले तर त्याला मान डोलवू नका. ती आपल्या वासराची आई होती, आणि तेवढे पुरेसे आहे. दुःखात माणसाचे लक्ष सतत स्वतःच्या जखमेभोवती फिरत राहते. त्या दिवशी ते काही काळ दुसऱ्या जिवाकडे, त्या जिवाकडून कसलीही अपेक्षा न ठेवता, वळले. माझ्या मते श्रद्धेची सुरुवात तिथेच होते, आणि ती खरी की खोटी याची परीक्षा घाईने घेऊ नये. दिवा लावावासा वाटतो तोपर्यंत लावावा. एखाद्या संध्याकाळी वाटले नाही, तर अपराधी वाटून घेऊ नये.

आपल्याला लागलेली टोचणी मात्र मला फार मोलाची वाटते. ती बुजवू नका. बोंडला हे सुमारे ८ चौरस किलोमीटरचे लहानसे अभयारण्य आहे, आणि प्राणिसंग्रहालय त्याच्या आतच असल्यामुळे कुंपणाच्या अलीकडचे आणि पलीकडचे रान एकच आहे. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन जवळजवळ एक हजार किलोपर्यंत जाते, आणि असे जनावर आवारात फिरताना पाहून मनाला काहीच वाटले नाही, तर ती शांती उथळ ठरेल. प्राणिसंग्रहालये असावीत की नसावीत, हा प्रश्न येथे सुटणार नाही. पण ज्या प्राण्याने आपल्याला आधार दिला, त्याच्या मोकळ्या भाईबंदांचे रान टिकावे म्हणून आपण काही करू शकता. निवृत्त शिक्षिकेचे म्हणणे गावातली मुले ऐकतात.

फेस्ताला अवश्य जा. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, फेस्ताला हिंदूही भक्तिभावाने जातात, कारण लोकमानसात ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण आहे. गोव्यात ही ये-जा नवी नाही. प्रार्थनेच्या वेळी इतरांबरोबर उठावे, बसावे. प्रार्थनेत वाटला जाणारा ख्रिस्तप्रसाद मात्र त्यांच्या धर्मात दीक्षित झालेल्यांसाठी असतो, म्हणून त्या वेळी जागेवरच थांबावे. यात कोणाला वावगे वाटत नाही. गणेश चवथीला तिला आपल्या घरी बोलवा, आणि आरतीत उभे राहायचे की बाहेरच्या खोलीत बसायचे, हे तिचे तिला ठरवू द्या. आणखी एक गोष्ट : रोजच्या फोनवर आपले दुःख किती आणि तिचे किती बोलले जाते, याकडे लक्ष असू द्या. आपल्या पत्रात तिच्या यजमानांविषयी एकच वाक्य आहे. ते कसे होते, हे तिला एकदा निवांतपणे विचारा.

प्रश्न : मुक्या जनावराला घास घालणे हे पुण्य, असे आमच्या आजीने शिकवले. मग प्राणिसंग्रहालयात खाऊ घालण्यास मनाई का असते?

उत्तर : आजींच्या शिकवणीतला भाव योग्यच आहे, परंतु येथे त्या घासानेच इजा होते. गवा, सांबर, चितळ हे रवंथ करणारे प्राणी आहेत. भात, पाव, पोळी असे पिष्टमय अन्न अचानक जास्त पोटात गेले, तर ते आंबून आम्ल वाढते आणि जनावर गंभीर आजारी पडू शकते. त्यातच पिशवीचे प्लास्टिक गिळले गेले, तर ते पोटात अडकून बसते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधील कलम ३८-जे नुसार प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना चिडवणे, इजा करणे, खाऊ घालणे आणि गोंगाटाने त्रास देणे या सर्वांस मनाई आहे. मुलांच्या हातून दान घडावे अशी इच्छा असेल, तर म्हैसूरसारख्या काही प्राणिसंग्रहालयांत प्राणी दत्तक घेऊन त्याच्या आहाराचा खर्च उचलण्याची योजना असते. जवळच्या गोशाळेत तेथील माणसांना विचारून ताजा चाराही देता येईल.