विश्वास ‘बसत’ नाही, पण भरवसा ‘ठेवता’ येतो

प्रश्न असा आला आहे : ‘मनात नुसते प्रश्न असताना “माझा देवावर विश्वास आहे” असं लिहिलं तर खोटं वाटतं. “देवावर हवाला ठेवला आहे” म्हणावं, तर हातपाय गाळल्यासारखं वाटतं. मग नेमकं काय लिहावं?’

खोटं वाटतं याचं कारण शब्दाच्या मुळातच आहे. विश्वास म्हणजे वि + श्वस्. मोकळा श्वास घेणं, निर्धास्त होणं. ज्याच्या छातीवर प्रश्नांचं ओझं आहे त्याला हा शब्द सहज कसा पेलावा? याउलट ‘दम धर’मधला दम हा फारसीतला श्वास. एकीकडे सोडलेला श्वास, दुसरीकडे धरून ठेवलेला. देवाची वाट पाहणारा माणूस बहुतेक वेळा या दुसऱ्या अवस्थेत असतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

भरवसा थोडा वेगळा आहे. ‘बातमीवर विश्वास बसत नाही’ असं आपण म्हणतो, ‘बातमीवर भरवसा बसत नाही’ असं कोणी म्हणत नाही. विश्वास एखाद्या विधानावरही असतो. भरवसा मात्र पुढे वेळेला उभं राहील अशा कोणावर तरी. शिवाय विश्वास बसतो, उडतो, डळमळतो, म्हणजे तो आपोआप होतो. ‘विश्वास ठेव’ असंही म्हणतात, नाही असं नाही. पण ‘भरवसा बसला’पेक्षा ‘भरवसा ठेवला’ हेच जिभेवर येतं. ठेवणारा कोणीतरी लागतो. धीराचंही तसंच : तो धरावा लागतो, म्हणून तर सुटतो.

हा फरक मला पुस्तकात कळला नाही. ऑपरेशन थिएटरबाहेर रात्री आत्याशेजारी बसले होते. रिपोर्टची पिशवी तिच्या मांडीवर. पिशवीचा बंद ती बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. बोटावर पांढरा वळ उठला होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, ‘आत्या, देवावर विश्वास आहे ना तुझा?’ ती म्हणाली, ‘विश्वास कशावरच बसत नाहीये गं आत्ता. भरवसा ठेवलाय.’ ऐकायला उलटसुलट, पण शब्द न् शब्द बरोबर.

हवाल्याबद्दल. मूळ अरबी; अर्थ सोपवणं, ताब्यात देणं. ज्याच्या ताब्यात दिलं तो हवालदार. म्हणजे शब्द वाईट नाही, पण ‘दैवावर हवाला ठेवून बसला’ असं म्हणता म्हणता त्याला निष्क्रियतेची छटा चिकटली, म्हणून तुम्हाला तो खटकतो. (‘हवालदिल’चा याच्याशी संबंध नाही, तो ‘हौल’ म्हणजे धास्ती आणि ‘दिल’ यांचा जोड आहे.)

सबुरी अरबी ‘सब्र’वरून आली. सुंदर शब्द, पण जपून वापरावा असं मला वाटतं. ‘जरा सबुरीनं घे’ हे बहुधा दुसऱ्याला सांगितलं जातं, आणि दुखावलेल्या माणसाला ते गप्प बसवल्यासारखं लागू शकतं. अशा वेळी ‘धीर दे’ जवळचं. ते देवाजवळही मागता येतं.

आणि मराठीत नुसतं थांबत नाहीत, ‘वाट पाहतात’. नजर रस्त्यावर असते. तुकोबांच्या ‘भेटीलागी जीवा लागलीसे आस’ या अभंगात पुढे ‘पाहे रात्रंदिवस वाट तुझी’ असं येतं, तिथे रात्रही सुटलेली नाही. आस लागलेला माणूस प्रश्न विचारणारच. ‘कधी?’ हा प्रश्न वाट पाहण्यातच आहे; वाट पाहणं सोडलेला माणूस तो विचारत नाही.

तेव्हा तुमच्या वाक्यात मी एवढंच बदलेन : ‘प्रश्न सुटलेले नाहीत. देवावर भरवसा ठेवला आहे, धीर धरून वाट पाहतो आहे.’ मधे ‘तरीही’ घालू नका.