खोडलेली ओळ

चि. लेकरास अनेक आशीर्वाद.

वहीच्या पानाचा फोटो पाठवलास, तो दोनदा बघितला. दसऱ्यानंतरच्या रविवारी धाराशिवजवळच्या येडशीच्या जंगलात पाच तास फिरलीस, तुला 11 पक्षी मिळाले आणि सोबतच्या पोरानं 36 लिहिले. राग अक्षरातही उतरलाय. अकराव्या नावाखालची ओळ तर तू एवढ्या जोरानं खोडलीस की कागद फाटायचाच बाकी राहिला. तरी मला ती वाचता आली. तिच्याकडं नंतर येतो.

आधी अकराचं बघू. ऑक्टोबर हा फसवा महिना आहे. सकाळी गवतावर दहिवर असतं, बांधावरच्या सीताफळांचे डोळे उघडायला लागलेले असतात, तूर फुलावर आलेली असते. इतकं सगळं छान आहे म्हटल्यावर पक्षीही दिसतीलच असं आपण धरून चालतो. पण पानगळ अजून लांब असते. साग, धावडा, पळस सगळे पानांनी भरलेले. बहुतेकांची वीण उरकलेली, त्यामुळं हद्द राखायला गळा काढायची गरज कुणालाच नसते. त्यात पिसं बदलायचा हंगाम. उन्हाळ्यात निळाजांभळा झळकणारा शिंजीर आता मादीसारखा पिवळट होतो, गळ्यापासून खाली एक काळी रेघ तेवढी राहते. पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघशील तर हमखास चुकशील.

मी चुकलोय. पहिल्याच वर्षी ओढ्याकाठच्या बाभळीवर मला पाच-सहा ‘नव्या जातीच्या चिमण्या’ दिसल्या. महिनाभर मी त्यांची वर्णनं लिहिली आणि मोठ्या ऐटीत एका जाणत्या माणसाला पाठवली. त्यांचं पोस्टकार्ड आलं : ‘सुगरण. पिवळा रंग उतरलेला नर. वर बघा, खोपे लटकत असतील.’ खोपे खरंच लटकत होते. महिनाभर मी त्यांच्याच खाली बसत होतो!

या दिवसांत चालणं कमी आणि थांबणं जास्त, असं ठेव. वीण संपली की बरेच छोटे पक्षी मिळून चरतात. अर्धा तास रान मुकं असतं आणि मग एकाच झाडावर निखार, सुभग, नाचण, शिंपी आणि एखादा सुतारपक्षी सगळे एकदम हजर होतात. डोळे जास्त असले की शिक्रा, म्हणजे छोट्या पक्ष्यांची शिकार करणारा ससाणा, लवकर कळतो, आणि एकानं उडवलेला किडा दुसऱ्याच्या चोचीत जातो. कोतवाल यात फुकट्या. वरच्या फांदीवर बसून आयते किडे टिपतो, कधी खोटा इशारा देऊन दुसऱ्याच्या तोंडचा घासही पळवतो, पण शिक्रा आला की खरी आरोळीही बऱ्याचदा त्याचीच असते. असा थवा सापडला की त्याच्या मागं मागं जा, धावू नकोस. एका चांगल्या थव्यात तुझे अकराचे वीस झाले असते. पाच तासांत तू सगळं रान पालथं घातलंस, म्हणजे थवा तुझ्या मागून गेला असणार.

त्या पोरानं मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना जवळ बोलावलं, असं तू लिहितेस. तू तसं करू नकोस. बिचाऱ्याला वाटतं हद्दीत कुणी घुसलं. चरायचं सोडून भांडायला येतो आणि भांडायला समोर कुणीच नसतं. आवाज ऐकून नाव सुचवणारं ॲप वापरायला माझी हरकत नाही, पण ते सांगतं तो पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत वहीत घेऊ नकोस. दुर्बीण 8×42 चीच बरी, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी. दहा पटीची भारी वाटते, पण हात थरथरला की पक्षीही थरथरतो.

थरथरण्यावरून आठवलं. थिरथिरा आला का तिकडं? पोट तांबूस, अंग काळं, आणि बसला की शेपटी थिरथिर हलवतो. हिमालयाकडून नि त्याच्याही पलीकडून येतो आणि इथं येऊन आपल्या गोठ्याच्या पत्र्यावर बसतो. पहिल्यांदा दिसेल त्या दिवसाची तारीख लिही, दरवर्षी लिही. भोरड्यांचीही, म्हणजे थव्यानं येणाऱ्या गुलाबी मैनांचीही लिही. ज्वारी हुरड्यात आली की गोफण घेऊन त्यांना शिव्या घालणारे पुष्कळ भेटतील, त्यांना विचार. तारखा त्यांच्या तोंडावर असतात.

तारखेचं एवढं का सांगतो? पक्षितज्ज्ञ सालीम अलींनी 1931-32 मध्ये हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. मराठवाडा तेव्हा निजामाकडंच होता. कुठं, कधी, काय दिसलं हे त्यांनी नोंदवून ठेवलं, म्हणून आज कुणाला ताडून बघायचं तर बघता येतं. नुसता 36 चा आकडा लिहिला असता तर आपल्या काय कामाचा होता?

आता ती खोडलेली ओळ. ‘सातभाईंच्या मागं एक वेगळाच, वरून तपकिरी, खालून मळकट, लहान शेंडी, तोंड उघडून ओरडतो, सातभाई भरवतात. कोण? माहीत नाही.’ अगं, पानावरची सगळ्यात चांगली नोंद हीच, आणि तू हीच खोडलीस! मला तो चातकाचा पोर वाटतो. चातक आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. मोठे चातक परत निघतात तरी एखादं पिल्लू मागं सातभाईंच्या गळ्यात पडलेलं असतं. आईबाप त्यानं बघितलेले नसतात, तरी वेळ आली की तेही निघतं. पण छातीठोक सांगणार नाही. पावश्याही सातभाईंनाच फसवतो. त्याच्या पिल्लाला शेंडी नसते आणि छातीवर गडद खुणा असतात. चातकाच्या पंखावर पांढरा ठिपका असतो. तू शेंडी लिहिलीस, पंखाचं लिहिलं नाहीस.

5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह आहे, रानावर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्यातल्या रविवारी सकाळी सहाला येडशीच्या स्टँडवर थांब. रामलिंगाच्या दरीत उतरू. तिथं जटायू पडला असं आपल्याकडं सांगतात, पक्षी बघायला याहून चांगली जागा कोणती? भाकरी आणि ठेचा मी आणतो, पिशवीची चेन तेवढी लावून ठेव, तिथली माकडं फार धीट आहेत. त्या पोरालाही घेऊन ये. आणि येताना पेन आण, पेन्सिल नको.

तुझा,
काका