आयएल-८ चं प्रमाण वाढवल्यावर ट्रान्सवेलमध्ये न्यूट्रोफिल उलट कमी का उतरतात?

प्रमाण गरजेपेक्षा जास्त झालंय म्हणून. ट्रान्सवेल म्हणजे सच्छिद्र पडद्याने वर-खाली दोन कप्पे केलेलं भांडं: वर न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) आणि खाली त्यांना ओढणारं आयएल-८ हे प्रोटीन. १ पासून १००० नॅनोग्रॅम प्रति मिलीपर्यंत मालिका लावून बघा, सर्वाधिक पेशी बहुधा १० ते १०० च्या दरम्यान उतरतील. न्यूट्रोफिलला दिशा कळते ती खालच्या आणि वरच्या कप्प्यातल्या प्रमाणाच्या फरकावरून, आणि तो फरक टिपतात सीएक्ससीआर१ व सीएक्ससीआर२ हे रिसेप्टर (पेशीच्या पृष्ठभागावरची, आयएल-८ ओळखणारी प्रोटीन). आयएल-८ फार झालं की रिसेप्टर भरून जातात, पेशी त्यांना आत ओढून घेते (सीएक्ससीआर२ तर फारच पटकन) आणि फरक जाणवेनासा होतो. त्यामुळे आलेख घंटेच्या आकाराचा येणं अगदी अपेक्षित आहे, प्रयोग बिघडलाय असं समजू नका. पडदा ३ मायक्रॉन छिद्रांचा घ्या, वेळ साधारण तासभर. रात्रभर ठेवलं तर दोन्ही कप्पे सारखे होतात. एक कंट्रोल (तुलनेसाठीचा प्रयोग) मात्र हवाच: वर-खाली सारखंच आयएल-८. तिथेही पेशी भरपूर उतरल्या तर ती नुसती वाढलेली हालचाल, दिशा धरून जाणं नव्हे. आणि कमी प्रमाणालाच प्रतिसाद नसेल तर प्रोटीन ट्यूबच्या प्लास्टिकला चिकटलंय का बघा, डायल्यूशन (पातळ करणं) ०.१ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) घातलेल्या बफरमध्ये करा. हे सगळं मानवी पेशींसाठी. उंदरात आयएल-८ चं जनुकच नाही, तिथे त्याच कामाची केसी किंवा एमआयपी-२ ही प्रोटीन वापरतात.