मैत्रिणीचे गुपित आणि माझे एक वाक्य

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी नाशिकची, वय २२. माझी मैत्रीण आणि मी सातवीपासून एका बाकावर बसलो, पुढे कॉलेज रोडच्या क्लासला एकाच स्कूटीवर गेलो. तिच्या पर्समध्ये नेहमी एक सॅनिटरी पॅड असायचे आणि वर्गात कुणाला अचानक गरज पडली तर तेच कामी यायचे. तिला स्वतःला मात्र पाळी कधी आलीच नव्हती, हे मला या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. ‘काहींना उशिरा येते’ म्हणत तिच्या आईने काढे दिले, वणीच्या देवीला नवस बोलला.

यंदा उन्हाळ्यात घरात स्थळांचा विषय निघाला तेव्हा तिने स्वतःहून तपासणी करून घेतली. सोनोग्राफी, एमआरआय आणि रक्ताच्या तपासण्यांनंतर निदान झाले : गर्भाशय नाही, गुणसूत्रे ४६ एक्सवाय, म्हणजे सहसा मुलग्यांमध्ये असतात तशी, आणि कम्प्लीट अँड्रोजेन इन्सेन्सिटिव्हिटी सिंड्रोम, म्हणजे पुरुषी संप्रेरकांना शरीर दादच देत नाही अशी जन्मजात घडण. दवाखान्याच्या पार्किंगमध्ये तिने फाइल माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘त्याला मी सांगेन, माझ्या तोंडाने. तोवर कुणाला काही बोलू नकोस.’ तो आमचाच वर्गमित्र. चार वर्षांपासून त्यांचे प्रेम आहे.

त्यानंतर ती त्याला टाळू लागली. एका संध्याकाळी सोमेश्वरजवळच्या टपरीवर तो रडकुंडीला येऊन विचारू लागला, तिचे दुसरीकडे जमले आहे का? मी बोलून गेले, ‘तसे नाही रे, तिच्या रिपोर्टमध्ये ती मुलगा निघाली आहे.’ त्याने चहाचा ग्लास तसाच ठेवला आणि निघून गेला. तीन आठवडे त्याने तिला फोन केला नाही. तिचा मला एकच मेसेज आला, ‘हे मी सांगायचे होते.’ मग तिने माझा नंबर ब्लॉक केला. आता तो मला विचारतो की अशा मुलीशी लग्न कायदेशीर असते का, तिच्या डॉक्टरांना भेटता येईल का. तिच्या घरचे दिवाळीपूर्वी ऑपरेशन उरकण्याच्या मागे आहेत. पुढच्या महिन्यात तिला पुन्हा दाखवायला जायचे आहे, ती तारीख मला माहीत आहे.

आणखी एक कबूल करते. सहलींना आम्ही एकाच पांघरुणात झोपलो आहोत. फाइल वाचल्यावर ते आठवून मला क्षणभर कसेसेच झाले आणि त्याची लाज वाटते. मी काय करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तू स्वतःची चूक कुठलीही सारवासारव न करता लिहिलीस, म्हणून मीही आडवळणाने लिहीत नाही. तुझ्या हातून दोन गोष्टी घडल्या. जे सांगण्याचा अधिकार फक्त तिचा होता ते तू सांगितलेस, ही पहिली. आणि जे सांगितलेस तेही खोटे होते, ही दुसरी. पहिलीबद्दल तू रडते आहेस. दुसरी तुझ्या अजून लक्षात आलेली दिसत नाही, म्हणून आधी तिच्याविषयी लिहिते.

‘मुलगा निघाली’ या शब्दांत असे गृहीत धरले आहे की आत एक मुलगा दडून बसला होता आणि रिपोर्टने तो बाहेर काढला. तसे काहीही झालेले नाही. आईच्या पोटात पहिले सहा-सात आठवडे प्रत्येक गर्भ दोन्ही वाटांना सारखाच तयार असतो. वाय गुणसूत्रावरील एका जनुकामुळे वृषणग्रंथी तयार होतात आणि त्या दोन संप्रेरके (हार्मोन्स) सोडतात. त्यांपैकी एक गर्भाशय घडू देत नाही. दुसरे, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, शरीराला पुरुषी घडण देते. तुझ्या मैत्रिणीच्या बाबतीत पहिल्याने आपले काम केले, म्हणून गर्भाशय नाही आणि पाळीही नाही. टेस्टोस्टेरॉनही तयार झाले, पण ते ओळखून प्रतिसाद देणारे पेशींमधले ग्राहक (रिसेप्टर) तिच्यात काम करत नाहीत, आणि त्यांचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. कुलूपच नसलेल्या दारावर किल्ली फिरवावी, तसे ते संप्रेरक अंगात असूनही निरुपयोगी ठरले. त्यामुळे बाहेरून तिचे शरीर जन्मापासून मुलीचे घडले. वयात येताना त्याच टेस्टोस्टेरॉनचे शरीराने इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात रूपांतर केले आणि तिची वाढ तुझ्यासारखीच झाली. तिच्या शरीराने बाहेरून पुरुषी वळण एक दिवसही घेतलेले नाही, आणि स्वतःला ती मुलगी म्हणूनच ओळखते. वैद्यकशास्त्र अशा अनेक जन्मजात वेगळेपणांना एकत्रितपणे इंटरसेक्स म्हणते, मराठीत आंतरलिंगी. तो शब्द स्वतःसाठी घ्यायचा की नाही, हेसुद्धा तिनेच ठरवायचे आहे.

तिच्यासारखी घडण एक्सवाय गुणसूत्रे असलेल्या सुमारे २० हजार ते ६४ हजार जन्मांमागे एकात आढळते, असे अंदाज आहेत. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ६१ लाखांच्या घरात होती. हिशेब करून पाहा, म्हणजे ती या जिल्ह्यातही एकटी नसणार हे तुझ्या लक्षात येईल. बाकीच्या कुठे आहेत, असा प्रश्न पडेल. त्याही आपापल्या पर्समध्ये एखादे पॅड ठेवून वावरत असतील. तुझ्या पत्रातला तो तपशील मला दोन दिवस विसरता आला नाही. इतक्या वर्षांत तिने ते पॅड स्वतःसाठी एकदाही वापरले नाही; आपण बाकीच्यांसारख्याच आहोत हे दाखवण्यासाठी ते जपले, आणि वेळ आली की दुसरीला देऊन टाकले. अशा मुलीने ज्या दिवशी फाइल तुझ्या हातात ठेवली, त्या दिवशी तिला तो देखावा पहिल्यांदा खाली ठेवता आला होता.

फुटलेल्या गुपिताने काय होते, याचे उदाहरण जगासमोर आहे. मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो या स्पॅनिश अडथळा शर्यतपटूची शारीरिक घडण तुझ्या मैत्रिणीसारखीच. १९८५ साली जपानमधील कोबे येथील जागतिक विद्यापीठ स्पर्धेत गुणसूत्र चाचणीचे कारण पुढे करून तिला धावू दिले नाही. पुढे ही गोष्ट वर्तमानपत्रांत फुटली आणि तिची शिष्यवृत्ती गेली, विक्रम पुसले गेले, वाग्दत्त वर सोडून गेला, मित्रमैत्रिणीही दुरावल्या. १९८८ मध्ये तिला पुन्हा स्पर्धेत उतरण्याची परवानगी मिळाली, म्हणजे व्यवस्थेने आपली चूक तीन वर्षांत दुरुस्त केली. पाठ फिरवलेल्या माणसांची दुरुस्ती कुठल्याही समितीला करता येत नाही. तुझी मैत्रीण आज त्याच जागी उभी आहे. फरक इतकाच की तू परत जाऊ इच्छितेस.

पांघरुणाची आठवण येऊन कसेसे झाले, याबद्दल तुला दोष देणार नाही. ते शहारणे तिच्या शरीरामुळे आलेले नाही, ‘एक्सवाय’ या अक्षरांमुळे आले. शाळेत आपल्याला ती अक्षरे ‘मुलगा’ या शब्दाला जोडूनच शिकवली गेली. पांघरुणात तेव्हा जी होती तीच आजही आहे. मात्र हे तिला सांगून मन मोकळे करू नकोस. ते ओझे तुझे आहे. माझ्याकडे टाकलेस तेवढे पुरे.

आता त्याच्याविषयी. त्याला एकच मेसेज पाठव : ‘मी त्या दिवशी जे बोलले ते चुकीचे होते आणि ते सांगण्याचा मला अधिकारही नव्हता. पुढचे तिलाच विचार आणि ती सांगेल तेवढेच ऐक.’ वर मी समजावलेले शास्त्रही त्याला सांगू नकोस, कारण चूक सुधारण्याच्या निमित्ताने तू तिची फाइल दुसऱ्यांदा उघडशील. तिच्या डॉक्टरांना भेटण्याचा मार्ग तिच्या संमतीखेरीज नाही. लग्नाविषयीचे उत्तर मात्र इथे जाहीरपणे देते, कारण ते अनेकांना हवे असते. तिच्या सर्व कागदपत्रांवर ती स्त्री आहे. शिवाय मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने एप्रिल २०१९ मध्ये असा निर्णय दिला आहे की हिंदू विवाह कायद्यातील ‘वधू’ या शब्दात स्वतःला स्त्री मानणारी आंतरलिंगी व्यक्तीही येते. ती गर्भ धारण करू शकणार नाही, हे खरे. दत्तक घेण्याचा मार्ग जोडप्याला खुला असतो; सरकारी दत्तक प्रक्रियेत दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक आयुष्य अपेक्षित असते. ज्याच्याशी लग्न ठरवायचे त्याला ते लग्नापूर्वी कळायला हवे, हे माझे ठाम मत आहे. लपवून केलेले लग्न पुढे कोर्टाच्या पायऱ्यांपर्यंत जाऊ शकते. पण ज्याला सांगायचे तो तिने निवडलेला माणूस असावा. कांदेपोहे खायला येणाऱ्या प्रत्येक मंडळींसमोर ती फाइल ठेवण्याची गरज नाही. तीन आठवडे गप्प बसलेला हा मुलगा तिच्या योग्यतेचा आहे का, हे मी सांगणार नाही आणि तूही सांगू नकोस. त्याला धक्का तुझ्या वाक्याचा बसला. तिचे म्हणणे त्याने अजून ऐकलेलेच नाही.

त्या वृषणग्रंथी काढण्याच्या ऑपरेशनची घाई मला अधिक काळजीची वाटते. तिच्या पोटातील या ग्रंथींमध्ये कर्करोगाचा धोका लहान वयात कमी असतो आणि प्रौढ वयात वाढतो, त्यामुळे हा विषय टाळण्यासारखा नाही. पण त्याच ग्रंथींच्या आधारावर आज तिच्या शरीराला इस्ट्रोजेन मिळते. त्या काढल्या तर पुढे वर्षानुवर्षे इस्ट्रोजेनची औषधे घ्यावी लागतात, नाहीतर हाडे ठिसूळ होतात. काही जणी नियमित तपासणी करत त्या राहू देतात. म्हणून एंडोक्रिनॉलॉजिस्ट (संप्रेरकांचे तज्ज्ञ) आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांशी सविस्तर बोलूनच निर्णय व्हावा, आणि तो दिवाळीला येणाऱ्या पाहुण्यांच्या धास्तीने होऊ नये. ती २२ वर्षांची आहे, सही तिचीच लागेल. तिच्या आईबद्दल मनात राग धरू नकोस. हा जनुकीय बदल बऱ्याचदा आईकडून येतो, आणि ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यापासून ती माउली स्वतःला किती बोल लावत असेल, याची कल्पना करवत नाही. त्यात कुणाचाही दोष नाही.

तुझ्या मैत्रिणीला हाताने पत्र लिही आणि टपालाने पाठव. तिच्या आईच्या किंवा दुसऱ्या मैत्रिणीच्या हाती देऊ नकोस, कारण त्यांना किती ठाऊक आहे हे तुला माहीत नाही. पाकीट दुसऱ्या कुणी उघडण्याची शक्यता असेल तर आत आजाराचा शब्दही नसावा. ‘त्याची अवस्था पाहवली नाही म्हणून’ हे लिहू नकोस, ते खरे असले तरी. तू शब्द मोडलास, आणि जे बोललीस तेही खोटे होते, एवढे लिही. त्याला कोणता मेसेज पाठवलास तो शब्दशः उतरवून दे, म्हणजे तुझ्याकडून आणखी काय फुटले या शंकेत तिला राहावे लागणार नाही. क्षमा मागितल्यावर उत्तर मागू नकोस आणि उत्तर आले नाही तर लगेच दुसरे पत्रही पाठवू नकोस.

तपासणीची तारीख तुला माहीत असली तरी त्या दिवशी दवाखान्याच्या दारात जाऊन उभी राहू नकोस. पत्राच्या शेवटी फक्त एवढेच विचार, की त्या दिवशी स्कूटी घेऊन येऊ का.