ॲडम स्मिथची कबर एडिनबर्गमध्ये नेमकी कुठे आहे? तिथे आणखी कोण पुरलेलं आहे?

कॅननगेट चर्चच्या आवारात, रॉयल माइल या जुन्या शहरातल्या मुख्य रस्त्यावर. स्कॉटलंडच्या सातव्या जेम्स राजाने होलीरूड ॲबी (जुन्या मठाचं चर्च) आपल्या कामासाठी घेतली, तिथल्या भाविकांना बाहेर पडावं लागलं आणि त्यांच्यासाठी 1691 च्या सुमारास हे चर्च उभं राहिलं. स्मिथ जवळच्याच पॅनम्युअर हाउसमध्ये राहायचा. 1790 मध्ये तो वारला.

पण माझ्या मते खरी बघण्यासारखी कबर कवी रॉबर्ट फर्ग्युसनची आहे. 1774 मध्ये अवघ्या 24 व्या वर्षी तो वेड्यांच्या इस्पितळात वारला. कबरीवर साधा दगडही नव्हता. स्कॉटलंडचा प्रसिद्ध कवी रॉबर्ट बर्न्स त्याला फार मानायचा. 1787 मध्ये त्याने स्वखर्चाने दगड बसवायला सांगितलं. कारागिराने दोन वर्षं लावली, मग बर्न्सनेही पैसे द्यायला दोन वर्षं लावली आणि पत्रात लिहिलं की आता फिटंफाट झाली! फाटकाबाहेर फर्ग्युसनचा पुतळाही आहे, झपझप चालत निघालेला.

बर्न्स जिला प्रेमपत्रांत 'क्लॅरिंडा' म्हणायचा, ती ॲग्नेस मॅक्लेहोजही इथेच पुरलेली आहे. तत्त्वज्ञ ड्यूगल्ड स्ट्युअर्टही. स्कॉटलंडच्या मेरी राणीचा सचिव रिझिओ इथे असल्याचं सांगतात, पण ती दंतकथाच समजा. त्याचा खून 1566 चा, तेव्हा हे चर्चच नव्हतं.