गरीवाल्यांचे प्रश्न: पन्नास हजारांचं रील खाडीत न्यायचं का?

प्रश्न: दादा नमस्कार. मी ऐरोलीला राहतो, महापेला आयटीत आहे. तीन वर्षं स्पिनिंग रीलवर (रील म्हणजे गरीची दोरी गुंडाळायचं यंत्र) गरवतोय, खाडीत जिताडा-तांबोशी आणि पाऊस पडला की पनवेल-कर्जतकडच्या तळ्यांवर मरळ. आता बेटकास्टर, म्हणजे दुसऱ्या जातीचं रील, घ्यायचाय. मावसभाऊ जपानला असतो, दिवाळीला येतोय, त्याच्याकडून शिमानोचं अँटारेस डीसी किंवा कॅलकटा कॉन्क्वेस्ट, नाहीतर दाइवाचं स्टीझ मागवू म्हणतोय. पन्नास हजारांपर्यंत तयारी आहे. मित्र म्हणतात त्याच कंपन्यांचं स्वस्तातलं, शिमानोचं कुराडो नाहीतर दाइवाचं टॅटुला घे, काम तेच, बाकी सगळा शो. बायको म्हणते एवढ्या पैशात दोन वर्षं पापलेट येईल. बरोबर कोण?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: वहिनींचं गणित चोख आहे, त्यात मी पडत नाही. पण मित्रांचं "बाकी सगळा शो" मात्र अर्धंच खरं.

आधी हे समजून घे की बेटकास्टरमध्ये पैसा नेमका कशात जातो. स्पिनिंग रीलचा स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली चकरी, कास्ट करताना (फेकताना) जागेवर उभा असतो, दोरी त्याच्यावरून नुसती सुटत जाते. बेटकास्टरचा स्पूल स्वतः गरगर फिरतो आणि दोरी सोडतो, म्हणजे लूअरला, दोरीच्या टोकाच्या नकली आमिषाला, दोरीबरोबर स्पूलही ओढून फिरवायचा असतो. सुरुवातीला लूअर जोरात जातो, मग हवेने त्याचा वेग पडतो, पण स्पूल आपल्याच नादात फिरत राहतो, बाहेर जाते त्याच्यापेक्षा जास्त दोरी सुटते आणि झाला गुंता, यालाच बॅकलॅश म्हणतात. पुढचा अर्धा तास खडकावर बसून नखाने दोरी उकलायची, तोवर पाणी वळून गेलेलं.

म्हणून महागातल्या रीलचा पहिला पैसा जातो हलक्या स्पूलमध्ये. स्पूल जितका हलका तितका तो कमी जोरात सुटतो आणि पटकन थांबतो. पाच-सात ग्रॅमचा छोटा लूअर महागड्या रीलवरून सुळ्ळकन जातो, स्वस्तातल्यावरून तो दहा मीटरवर टपकतो, हा फरक पहिल्या कास्टला कळतो, त्याला शो म्हणता येत नाही. पण तू जिताड्याला काय फेकणार? वीस-पंचवीस ग्रॅमचा लूअर. मरळीला फ्रॉग, म्हणजे बेडकासारखा लूअर, तोही बारा-पंधरा ग्रॅमचा. एवढं वजन कुराडो, टॅटुला दोघं आरामात फेकतात, तिथे जास्तीचे तीस हजार तुला फार तर दोन-चार मीटर देतील, तेही वारा ऐकला तर.

आणि वारा ऐकणार नाही. तू खाडीच्या पूर्व काठाला, संध्याकाळचा वारा समुद्राकडून म्हणजे पश्चिमेकडून येतो, थेट तुझ्या तोंडावर. मुलुंडच्या बाजूने टाकणाऱ्याच्या पाठीला वारा असतो, तो कुठल्याही रीलवर हिरो दिसतो. तोंडावरच्या वाऱ्यात लूअर हवेत अडतो आणि बॅकलॅश तिथेच होतो, त्यामुळे तुझ्यासाठी प्रश्न किती लांब जातं हा नाहीच, ब्रेक कसा आहे हा आहे.

ब्रेक तीन जातींचे. सेंट्रिफ्युगल म्हणजे स्पूल फिरला की छोटे ठोकळे बाहेर फेकले जाऊन घासतात, वेग जास्त तेव्हा पकड खूप, वेग पडला की जवळजवळ मोकळं, म्हणून लांब जातं पण शेवटी स्पूल दाबून थांबवायला अंगठा जागा लागतो. शिमानोची बरीच रीलं अशी. मॅग्नेटिक ब्रेक शेवटपर्यंत धरून ठेवतो, नवशिक्याला सोपा, दाइवाचा भर याच्यावर. तिसरा डीसी, म्हणजे स्पूलच्या फिरण्यातूनच वीज तयार होते, सेल नाही काही नाही, आणि आतला छोटा कॉम्प्युटर सेकंदाला हजार वेळा वेग मोजून ब्रेक मारतो. कास्ट करताना किर्रर्र असा बारीक आवाज येतो, त्या आवाजासाठीच निम्मे लोक घेतात असा माझा संशय आहे. पण तोंडावरच्या वाऱ्यात डीसी खरंच वाचवतो, हे मी वापरून सांगतोय. आणि त्यासाठी अँटारेसच हवं असं नाही. कुराडो डीसीमध्ये साधं चार सेटिंगचं डीसी आहे, अँटारेसमध्ये त्याहून बारीक कामाचं. तुझ्यासारख्या पहिल्यांदा बीसी (बेटकास्टर) हातात घेणाऱ्याला चार सेटिंग भरपूर झाली.

दुसरा पैसा जातो गिअरमध्ये. कॉन्क्वेस्टचं हँडल फिरवून बघ एकदा, लोण्यातून सुरी गेल्यासारखं वाटतं, आणि नीट ठेवलं तर ते तसंच राहतं वर्षानुवर्षं. मधल्या किमतीचं रील नवं असताना जवळजवळ तसंच वाटतं, दोन-तीन सीझननंतर हाताला बारीक खरखर लागते. मासा त्याने कमी लागत नाही. पण रोज गरवणाऱ्या माणसाला ती खरखर खुपते हेही खरं, मला खुपते.

तिसरा वजनात. शिमानोचं 2020 चं मेटॅनियम 175 ग्रॅम, कुराडो के 200 साधारण 215 ग्रॅम. चाळीस ग्रॅम म्हणजे काय, असं वाटेल, पण भरतीच्या तीन तासांत दीडशे-दोनशे कास्ट मारल्यावर मनगटाला विचार. मात्र तो हलकेपणा येतो मॅग्नेशियमच्या बॉडीतून, आणि इथेच आपल्या खाडीचा मुद्दा येतो. मॅग्नेशियमवर कोटिंग असतं तोवर ठीक, एकदा खडकावर घासून ओरखडा गेला की खारं पाणी त्या ओरखड्यातून आत शिरतं आणि पांढरी भुकटी सुटायला लागते. माझंच एक महागातलं रील, जुलैत उधाणाच्या दिवशी खाडीवरून आलो, दमलो होतो, बॅग तशीच कोपऱ्यात टाकली ती आठवड्याने उघडली. साइड प्लेट उघडेना. उघडली तेव्हा आत रांगोळी घातल्यासारखं. कंपनीला काय दोष देणार, चूक माझीच, पण त्या चुकीची किंमत रीलच्या किमतीइतकीच असते हे लक्षात ठेव. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीने तीच चूक बहुधा पोटात घातली असती.

कॉन्क्वेस्ट अ‍ॅल्युमिनियमचं आहे, थंड धातू दाबून घडवलेलं, दणकट, पण गोल आणि वजनदार, मुठीत मावायला वेळ लागतो. स्टीझमध्ये मॉडेलनुसार धातू बदलतो, स्टीझ ए म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवालं. आणि स्टीझ हा दाइवाचा बास गरवण्यासाठीचा ब्रँड आहे, त्यातल्या बऱ्याच रीलचे स्पूल उथळ, बारीक दोरीसाठी केलेले. तू तिवरांच्या मुळांशी जिताडा धरायला चाळीस पाउंडाची ब्रेडेड (विणलेली) दोरी भरणार, ती त्यात किती मावणार? मासा मुळांत शिरायला निघाला की दोरी जाड हवी आणि हातात भरपूर हवी. जपानी माणसाने त्याच्या तळ्यासाठी बनवलेली उत्तम वस्तू आपल्या खाडीत उत्तम असेलच असं नाही.

माझं ऐकशील तर कुराडो डीसी घे किंवा दाइवाचं टॅटुला. अमेरिकेत ही मागे दोनशे-अडीचशे डॉलरच्या आसपासची रीलं होती, वरची पाचशे-सहाशेच्या घरातली. अडीचशे डॉलरपर्यंत वाढत्या प्रत्येक हजार रुपयांना काहीतरी ठोस मिळतं, चांगला ब्रेक, चांगला ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी ताणात सोडणारी पकड), न हलणारी फ्रेम. त्याच्या पुढचा पैसा सुखासाठी आहे. सुखाला माझा विरोध नाही, हौसेला मोल नसतं, पण मग ते सुख म्हणून घे, "टिकेल म्हणून महाग घेतलं" असं घरी सांगू नको. उरलेल्या पैशात बऱ्यापैकी रॉड घे, तुझ्याकडची स्पिनिंगची रॉड चालणार नाही, बीसीला ट्रिगरवाली, म्हणजे मुठीला बोटासाठी आकडा असलेली, रॉड लागते, आणि तिचे गाइड (दोरी जायच्या कड्या) वरच्या बाजूला असतात.

मावसभावाकडून मागवणारच असशील तर दोन गोष्टी. एक, तिकडे घेतलेल्या रीलची वॉरंटी इथे कोणी विचारत नाही आणि पार्ट महिनोन्महिने येत नाहीत, डीसीचं इलेक्ट्रॉनिक्स गेलं तर कोपऱ्यावरचा रिपेअरवाला काही करू शकत नाही. दोन, हँडलची बाजू नीट सांग. स्पिनिंगवर तू डाव्या हाताने फिरवत असशील तर डावंच घे. शिमानोत शेवटचा आकडा विषम असला की डावं, म्हणजे 150 उजवं आणि 151 डावं, दाइवात शेवटी एल. एकाने घाईघाईत मागवलेलं उजवं रील दोन वर्षं कपाटात आहे, विकतही नाही आणि वापरतही नाही.

गिअर रेशो, म्हणजे हँडलच्या एका फेरीत स्पूल किती वेळा फिरतो तो आकडा, खाडीला सात-आठच्या मधला घे. चौतीस मिलिमीटरच्या स्पूलवर आठचा रेशो असला तर हँडलच्या एका फेरीत पंचाऐंशी सेंटिमीटर दोरी येते, सहाला चौसष्ट. मासा तुझ्याच दिशेने धावला तर तो फरक जाणवतो.

आणि ऐरोलीचा आहेस म्हणून सांगतो, समोरच्या काठाला ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2015 पासून, 2022 ला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. त्या हद्दीत गरी घेऊन शिरू नको.

प्रश्न: तीन हजारात अठरा बेअरिंगवालं बेटकास्टर ऑनलाइन मिळतंय आणि पंधरा हजारांच्या रीलला फक्त सात-आठ बेअरिंग. मग महागवाल्यात आहे काय?
– एक वाचक, कळवा

उत्तर: बेअरिंग मोजायची नसतात. स्पूलच्या दोन्ही टोकांची दोन बेअरिंग कास्टला कामाची, मग गिअरच्या शाफ्टची. हँडलच्या मुठीत चार घातली तर आकडा वाढतो, लूअर लांब जात नाही. अठरा स्वस्त बेअरिंग म्हणजे खाऱ्या पाण्यात गंजायला अठरा जागा. तीन हजारवालं तळ्यावर अंगठा शिकायला घे, हरकत नाही, पण ड्रॅग घट्ट करून खाडीत नेऊ नकोस, फ्रेम वाकली की गिअर एकमेकांवरून घसरतात. सिरॅमिक बेअरिंग बदलून घ्यायचा नाद सध्या खूप आहे, ती आवाज करतात, फायदा होतो तो मुख्यतः हलक्या लूअरलाच.

प्रश्न: माझे बाबा गरवायचे. त्यांचं लाल रंगाचं गोल रील माळ्यावर सापडलं, त्यावर अँबॅसॅडर 5000 लिहिलंय, काका गल्फला होते त्यांनी आणलेलं. हँडल फिरतं पण दोरी एकाच बाजूला गोळा होते. मुलगा म्हणतो नवीन घेऊ. याला काही किंमत आहे का आणि वापरता येईल का?
– एक वाचिका, घोडबंदर रोड

उत्तर: ताई, मुलाला सांगा थांब. हे आबू कंपनीचं रील. स्वीडनमधल्या स्वेंगस्टा गावात 1921 मध्ये घड्याळं बनवायला हा कारखाना निघाला, मग टॅक्सीचे मीटर, आणि महायुद्धात मीटरचा धंदा बसला तेव्हा हे लोक रीलकडे वळले. गंमत म्हणजे शिमानोची सुरुवातही 1921 चीच, सायकलच्या फ्रीव्हीलपासून. तुमच्या हातात आहे ते घड्याळजींचं काम, साइड प्लेट उघडलीत की दिसेल.

विकून फार मोठी रक्कम येईल असं मी सांगणार नाही, ती रीलच्या अवस्थेवर आणि सालावर असते. वापरता मात्र येईल, आणि वरच्या वाचकाने जे पन्नास हजार काढलेत त्याच्या अर्ध्यातही इतकी सहज उघडता येणारी आणि दुरुस्त होणारी वस्तू मिळत नाही. लांब कास्टला आजच्या रीलइतकं सोपं नाही, ब्रेक अगदी साधा आहे, अंगठा शिकावा लागेल. पण जिवंत कोळंबी लावून काठावर बसायला उत्तम.

दोरी एका बाजूला गोळा होतेय म्हणजे लेव्हल वाइंड चालत नाही. दोरी डावीकडून उजवीकडे नेणारा जो छोटा तुकडा असतो, त्याच्या खाली एक टोपीसारखा स्क्रू आहे, त्यात पॉल नावाचा नखाएवढा पितळी भाग बसतो. तो झिजतो, तेवढंच झालं असेल. बरेचदा जुनी ग्रीस गोंदासारखी घट्ट झालेली असते म्हणून तो अडकतो. रॉकेलने धुवा, वाळवा, एक थेंब तेल, मग फिरवून बघा. लाल रंगाला पॉलिश अजिबात लावू नका. पॉल झिजलेला निघाला तर जुना फेकू नका, रीलच्या पायाखालचे आकडे आणि त्या पॉलचा फोटो पाठवा, कुठला बसेल ते सांगतो.